उलट्या पायांची गाडी

हळद शिजायला लागली की मी हिंगोलीहून पुसेगावला जाते, आणि गेल्या गेल्या कामाला लागते. खिडक्यांना जुन्या साड्या बांधायच्या. आईची पांघरुणं पेटीत टाकायची. पाण्याच्या रांजणावर दुहेरी फडकं, लोणच्याच्या बरणीवर तिहेरी. वाळलेल्या हळदीला पॉलिश करणारे ढोल फिरायला लागले की पिवळी धूळ घरात कुठून शिरते ते कळत नाही. मागच्या वर्षी ती बंद कपाटातल्या माझ्या लग्नाच्या शालूवर सापडली होती. कामांची यादी मी बसमध्येच करते, एकेक काम उरकून खोडते, आणि ऊन कलायच्या आत सगळं संपलेलं असतं. मग करण्यासारखं काही उरत नाही. तीच वेळ वाईट. हात रिकामे झाले की कान मोकळे होतात.

यंदाही तसंच झालं. कामं उरकून मी ओसरीवर बसले. शिजणाऱ्या हळदीचा वास रस्त्यावर ओथंबून आला होता. हा वास जेवणाचा नसतो, पूजेचाही नसतो. ओली माती, कापूर आणि कुणाच्या तरी जुन्या दुखण्यावरचा लेप असं काहीतरी त्यात एकत्र असतं. आई चुलीपाशी होती. चूल पेटलेली नव्हती. आम्ही दोघी पुलाकडे कान लावून होतो आणि दोघी एकमेकींना तसं दाखवत नव्हतो.

आमचं घर गावाच्या कडेला आहे, तांड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. घराच्या थोडं पुढे, तांड्याच्या बाजूला, ओढा, त्यावर फरशी पूल. तिथे रस्ता वळतो, म्हणून तांड्याकडून येणारं वाहन आधी ऐकू येतं आणि बऱ्याच वेळानं दिसतं. एवढ्या वेळात चुलीवर चहाचं पाणी उकळतं. हे मी अंदाजानं सांगत नाही. आईचा सगळा संसार त्या पुलापासून घरापर्यंतच्या आवाजावर बेतलेला होता.

यंदा तो आवाज आला नाही.

आवाज मोटारसायकलचा. कंपनीचं नाव सांगत नाही. ज्यांना ओळखायची त्यांनी ती आवाजावरूनच ओळखलेली असते. कंपनी फार जुनी, आणि जुनी असणं हाच तिचा धंदा. आमच्याकडे त्या गाडीला नुसतं ‘मोठी गाडी’ म्हणत. मी तिसरीत असताना बाबांनी ती एका निवृत्त जमादाराकडून घेतली. टाकीवरच्या सोनेरी रेघा कारखान्यात हातानं ओढतात हे बाबा इतक्या अभिमानानं सांगत, की रेघा ओढणारा माणूस आमच्या नात्यातला असावा असं मला बरीच वर्षं वाटे.

बाबा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात होते. हुद्दा पर्यवेक्षकाचा, पण लोक ‘ढोराचे डॉक्टर’ म्हणत आणि बाबा ते दुरुस्त करत नसत. पुसेगावच्या आजूबाजूची खेडी, वस्त्या, तांडे ही त्यांची फिरती. मागच्या कॅरिअरवर लसींचा बर्फाचा डबा, हँडलला पिशवी, आणि लहानपणी टाकीवर मी. टाकीवर बसलं की पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न येई. मी ते बाबांच्या बुटांवर ठेवत असे. म्हणून ती गाडी मला डोळ्यांनी जेवढी माहीत नाही तेवढी पायांनी माहीत आहे. त्या जुन्या गाडीचा गिअर उजव्या पायाला होता. पंजा वर उचलला की पहिला. पुढचे तिन्ही खाली दाबून. ब्रेक डाव्या पायाला. पुलाचं वळण आलं की माझ्या डाव्या तळव्याखाली बाबांचा बूट खाली जायचा, उजव्या तळव्याखाली वर यायचा, आणि आवाज डुग-डुग करत हळू व्हायचा. घरात आई चूल फुंकायला लागायची.

तांड्यावरची माणसंही त्या आवाजावर चालत. नव्वदच्या सुमाराला वस्त्यांवर फोन नव्हते. आवाज टेकाडामागून आला की लोक आजारी जनावर बाहेर काढून खुंट्याला बांधत, बादलीत गरम पाणी तयार ठेवत. बाबा उतरत तेव्हा सगळं मांडून ठेवलेलं असे. कुणी म्हणायचं, म्हशीला नजर लागली, गाईला बाहेरचं झालं. बाबा सुई भरता भरता म्हणायचे, “जनावराला भूत लागत न्हाई, जंत लागतात.” आमच्या घरात भूतखेत, अंगारा, लिंबू-मिरची यांतलं काही नव्हतं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, आणि बाबा या बाबतीत कडक होते. पुढचं सांगायच्या आधी हे सांगून ठेवणं मला गरजेचं वाटतं.

हिंगोली परभणीतून वेगळी निघून जिल्हा झाली, त्यानंतर लवकरच आलेला एक हळदीचा हंगाम. तेव्हा माझी नोकरी सेनगावला होती आणि नवरा नांदेडला, म्हणून शनिवार-रविवार सोडून मी आई-बाबांकडेच राहत असे. जिल्हा नवा होता. जुन्याच इमारतींवर नव्या पाट्या लागल्या होत्या, आणि लोक कामाला म्हणून सवयीनं परभणीची गाडी धरून पुन्हा उतरत होते. त्या हंगामात बाबांना बैलानं लाथ मारली.

बैल हरसिंगचा. हरसिंग राठोड तांड्यावरचा, बाबांच्या वयाचा, थोडी जमीन पण त्यात हळद चांगली पिकवणारा. दोघांची दोस्ती जनावरांवरून झाली आणि एकमेकांना टोमणे मारण्यावर टिकली. बैलाच्या खुरातला गळू बाबा कापत होते. हरसिंगनं दोर धरला होता, पण त्याच वेळी तो बाबांना म्हातारे झालात असं काहीतरी चिडवत होता. लाथ उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली बसली. हाड मोडलं नाही. सूज उतरली. सगळे सुटलो म्हणाले. पण पंजा वर उचलायला गेले तर तो उचलला जाईना. खाली दाबता येई, वर मात्र नाही. चालताना बोटं जमिनीला घासायची. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं की नस दुखावली आहे, भरून येईल किंवा येणार नाही.

पंजा वर उचलला की पहिला. त्या गाडीवर तोच पहिला पडत नव्हता. किक मारायलाही तोच पाय.

दवाखान्यातले साहेब भले होते. ते म्हणाले, फिरती दुसऱ्याला देऊ, तुम्ही टेबलावर बसा. त्यांना वाटलं आपण उपकार करतोय. बाबा घरी आले, ओसरीवर बसले आणि गाडीकडे बघत राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बाबा आणि फिरती हे दोन वेगळे नव्हते. फिरती गेली तर घरात एक शांत, लंगडणारा, पगार आणणारा माणूस उरणार होता, आणि तो कोण असेल याची आम्हाला कुणालाच कल्पना नव्हती.

बातमी हरसिंगनं आणली. त्याला बैलाचा राग आणि स्वतःची शरम दोन्ही होतं, त्यामुळे तो रोज काही ना काही उपाय घेऊन येई. त्या दिवशी तो म्हणाला, “डॉक्टर, तुमच्या कंपनीनं नवी गाडी काढली म्हंत्यात. गिअर डाव्या पायाला आन् किक नको, बटन हाय.” बाबांनी त्याला आधी वेड्यात काढलं. मग बटनाबद्दल पुन्हा विचारलं.

नांदेडच्या शोरूमला मी बरोबर गेले. गाडी समोर उभी होती, आणि मला वाटलं आमचीच धुऊन पुसून आणून ठेवली आहे. तीच टाकी, त्याच रेघा, तोच गोल दिवा, तशीच कपाळावरच्या टोपीसारखी त्याची कड. विकणारा तरुण हसून म्हणाला, “काका, सगळं तेच आहे. फक्त पाय बदललेत.” बाबांनी बटन दाबलं. गाडी डुगडुगली. बाबांनी डोळे मिटून ऐकलं, बराच वेळ, जनावराच्या छातीला कान लावून ऐकत तसं. म्हणाले, “आवाज बराबर हाय.” उजव्या पायानं ब्रेक दाबून पाहिला. दाबणं त्या पायाला जमत होतं. उचलण्याचं काम आता डाव्याकडे होतं आणि डावा धडधाकट होता. जणू कंपनीनं कुठे लांब मद्रासकडे बसून आमच्या घरातली अडचण ऐकली होती.

आईनं ती गाडी दारात पाहिली आणि तिच्याभोवती एक फेरी मारली. टाकीला हात लावला नाही.

“काय काय बदललं म्हन्ले?”

“कायी न्हाई. नुसते पाय. डाव्याचं उजव्याला, उजव्याचं डाव्याला.”

“सगळं तेच आन् पाय तेवढे उलटे,” आई म्हणाली. “असं कोणाचं असतंय, ठाव हाय ना?”

बाबा हसले. “भुताचं.”

“मी न्हाई नाव घेतलं,” आई म्हणाली आणि आत गेली.

त्या वेळी आम्ही सगळे हसलो.

जुनी गाडी हरसिंगनं मागून घेतली. ती दुसऱ्या कुणाकडे जाऊ द्यायला तो तयार नव्हता. माझ्या बैलापायी गाडी दाराबाहेर पडली, तर ती माझ्याच दारात उभी राहील, असं त्याचं म्हणणं. त्याला ती चालवायला बाबांनीच आधी कधीतरी शिकवलं होतं. तांड्याकडे ती निघाली तेव्हा बाबा बाहेर आले नाहीत. आवाज पूल ओलांडून टेकाडामागे जाईपर्यंत ते घरात वर्तमानपत्र धरून बसले होते.

मग पाय शिकवायचे होते, आणि शिकवणं म्हटलं की मी आलेच. मला कामाची आखणी आवडते. ओसरीवर खुर्ची, खुर्चीपुढे दोन विटा. उजवी वीट ब्रेक, डावी गिअर. बाबांनी बसून चहा प्यायचा, वर्तमानपत्र वाचायचं, आणि मी मधेच, काही न सांगता, ओरडायचं: “म्हैस.” बाबांचा उजवा पाय विटेवर दाबला जायला हवा. पहिल्या दिवशी प्रत्येक वेळी डावा दाबला गेला. दुसऱ्या दिवशी दोन्ही. आठवडाभरात उजवा पाय डाव्याच्या किंचित आधी यायला लागला. जेवतानाही मी म्हैस म्हणत असे. आई भाकरी थापता थापता म्हणे, “जेवताना तरी म्हशी घरात आणू नका.” एकदा शेजारची खरीच म्हैस दारावरून गेली तेव्हा बाबांनी तिच्याकडे बघत गुपचूप उजवा पाय दाबला, आणि आई आणि मी हसून हसून थकलो.

संध्याकाळी सराव हरसिंगच्या खळ्यावर. खळं मोठं होतं. मध्ये शिजलेली हळद पसरलेली, वाफ निघत असलेली, बायका फावड्यांनी ती उलटत असलेल्या. कडेनं बाबा गोल गोल फिरत. पहिला, दुसरा, ब्रेक, पुन्हा पहिला. चाकांच्या खुणा आधी मातीच्या उमटत, मग पिवळ्या. तांड्यावरच्या बायका म्हणाल्या, डॉक्टर घाण्याला जुंपले. बाबांनी त्यांना तेल किती निघालं ते विचारलं. खळ्याच्या टोकाला त्यांची जुनी गाडी उभी असे, सीटवर हरसिंगचं घोंगडं टाकलेलं. प्रत्येक फेरीत बाबा तिच्या शेजारून जात. हे मला आता लिहिताना आठवतं आहे; तेव्हा माझं लक्ष फक्त पायांकडे होतं.

ते शिकले. फिरती परत मिळाली. नव्या गाडीचा आवाज पुलावर आला की आई चहा ठेवायला लागली. पहिले काही दिवस ती जरा थांबत असे, कान देत असे, आणि मगच काडी ओढत असे. बाकी सगळं सुरळीत होतं.

हंगाम सरता सरता, ढोल फिरायला लागल्यावर, एका दुपारी बाबा लसी टोचून तांड्याकडून येत होते. रस्त्यावर धुळीचा पिवळा पडदा होता. त्यातून हरसिंगचं वासरू उडी मारून पुढे आलं. पुढचं बाबांनी आम्हाला एकदाच सांगितलं. ते म्हणाले, डोकं म्हणत होतं उजवा, उजवा. पण डावा पाय पूर्ण वजनानं खाली गेला. तिथे ब्रेक नव्हता. खालचा गिअर पडला, गाडी हिसडली. आणि उजवा पाय, जो उचललाच जात नाही, तो उचलायच्या धडपडीत होता. एवढ्यात वासराचा पुढचा पाय मोडला.

हरसिंग धावत आला तेव्हा बाबा रस्त्यात मांडी घालून बसले होते. कोपरातून रक्त येत होतं. वासराचं डोकं मांडीवर घेऊन ते पायाला बांबूच्या कामट्या बांधत होते. हरसिंगनं वासराचं डोकं धरलं. गाठ बांधून होईपर्यंत त्यानं ते सोडलं नाही. वासरू पुढे जगलं, कामालाही लागलं, थोडं लंगडत. पण आयुष्यभर मोडलेली जनावरं बांधणाऱ्या माणसाच्या हातून जनावर मोडलं होतं, आणि त्यावर बांधायला कामटी नसते.

हरसिंग त्यांना घरी घेऊन आला, जुन्या गाडीवर. पुलावर आवाज आला. आईनं न थांबता, कान न देता, चहा ठेवला. मी दारात गेले. गाडी दिसली. पुढे हरसिंग होता आणि बाबा मागे बसले होते, स्वतःच्या गाडीवर पाहुण्यासारखे, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून.

आईनं कोपर धुतलं. बाबा तिला म्हणाले, “माझ्या डाव्या पायात जुनी गाडी बसून हाय. ती उतरत न्हाई.” माझे बाबा हे म्हणत होते, ज्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला भूत लागू दिलं नाही. आई कोपरावर फडकं बांधत राहिली. तिनं पाय उलटे म्हटलं होतं ते तिलाही आठवलं असणार. तिनं ते पुन्हा कधी काढलं नाही.

त्यानंतर बाबा टेबलावर बसले, निवृत्त होईपर्यंत. नवी गाडी माझ्या नवऱ्याकडे गेली. त्याला तिच्यात उलटं काही दिसलं नाही. त्याच्या पायांत आधीचं कुणी बसलेलं नव्हतं.

कंपनीचा यात दोष नाही, हे मी स्वतःला अनेकदा समजावलं आहे. नवी मुलं दुसऱ्या गाड्यांवर शिकून येतात, त्यांच्या गाड्यांचे गिअर डावीकडे असतात. ज्या गाडीसाठी माणसाला पाय बदलावे लागतात ती गाडी कोण घेणार? कंपनी टिकायला हवी होती. कुठल्याशा खोलीत चार जाणत्या माणसांनी बसून यादी केली असेल, मी करते तशीच, दोन रकान्यांची. ठेवायचं आणि बदलायचं. टाकी ठेवायची. रेघा ठेवायच्या. आवाज काही झालं तरी ठेवायचा. किक बदलायची, गिअर बदलायचा. यादी शहाणपणाची होती. मी असते तर अशीच केली असती. फक्त एक गोष्ट मला अजून सुचत नाही, की बाबांचा डावा पाय मी कुठल्या रकान्यात लिहिला असता.

गावातही तेच चाललं होतं. हळद शिजवायच्या मोठाल्या कढया गेल्या आणि वाफेचे कुकर आले. पूर्वी कढईवर हळदीचाच पाला झाकून, रात्रंदिवस जाळ घालून हळद शिजे. आता चार पिंपं आणि एक बॉयलर, घटकेत काम. हळद तीच, रंग तोच, भाव उलट बरा. हरसिंग कुकर आणणाऱ्यांत पहिला होता. पण जळणाचा पहिला ओंडका ठेवण्याआधी तो अजूनही रिकाम्या जागेवर, जिथे कढईची चूल असायची, थोडं पाणी शिंपडतो. विचारलं तर म्हणतो, सवय. माणूस नवं वापरायला लागतो, पण जुनं कुठे गेलं हे त्याच्या हातापायांना कुणी सांगितलेलं नसतं.

आता आवाजाचं सांगते.

हरसिंगनं दोन म्हशी घेतल्या होत्या. रोज संध्याकाळी तो दुधाची कॅन घेऊन गावातल्या डेअरीवर येई, जुन्या गाडीवर. वेळ साधारण तीच, जी बाबांची फिरतीवरून परतायची. बाबा ओसरीवर बाजेवर बसलेले असत. पुलावर डुग-डुग आली. वासराच्या प्रकारानंतर घरात कुणी फारसं बोलत नव्हतं. बाबा एकदम आत बघून म्हणाले, “ऐकलं का? मी येऊन राहिलो. चहा ठेव.”

ती थट्टा होती. खूप दिवसांनी केलेली पहिली थट्टा, म्हणून आई हसली आणि तिनं चहा ठेवला. आवाज घरावरून पुढे डेअरीकडे गेला. बाबांनी कप उचलला आणि म्हणाले, “आलो.”

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांना सांगावं लागलं नाही. हळूहळू त्यातली थट्टा कधी निघून गेली ते माझ्या लक्षात आलं नाही, पण ती गेली. पुढे मी हिंगोलीला बदलून आले. सुट्टीला घरी गेले की संध्याकाळी मला बाजेच्या जवळ बसवत नसे. बाबा गप्पा मारत असत, धडधाकट, लखलखीत डोक्याचे; दवाखान्यातल्या कुरबुरी, नातवाची परीक्षा. पुलावर आवाज आला की ते वाक्य अर्धं टाकून ऐकत. वळणावर हरसिंगचा वेग कमी होई आणि त्याच क्षणी बाजेखाली बाबांचा डावा पाय जमिनीवर दाबला जाई. चप्पल सरकल्याचा बारीक आवाज मला ऐकू येई. तिकडे गाडीवर हरसिंग होता, पण वळणावर ती गाडी बाबा थांबवत होते. आत काडी ओढल्याचा आवाज. मग आवाज दारावरून पुढे जाई आणि माझ्याशेजारी बसलेला माणूस घरी पोचे. “आलो.” त्यानंतर ते आमच्यातले होत, अर्धं टाकलेलं वाक्य पुरं करत.

मी एकदा आईला म्हटलं की हे बरं नाही, त्यांना समजावून सांग. ती म्हणाली, “काहून? दिवसभर कुठं कुठं फिरून येतात. आल्यावर चहा नको का?”

अशी वर्षं गेली. कंपनीनं तेवढ्यात नवं इंजिनही काढलं. हिंगोलीतले बँकेचे एक अधिकारी त्या गाडीवर माझ्या नवऱ्याबरोबर पुसेगावला आले होते. आवाज मुद्दाम जुन्यासारखा राखला आहे असं ते कौतुकानं सांगत होते, आणि माझ्या कानाला तो खरोखर तसाच वाटला. गाडी पुलावरून आली, वळली, दारात थांबली. आई जागची हलली नाही. पाहुणे आत आले तेव्हा ती गडबडली. मला बाजूला घेऊन म्हणाली, “ही नुसती आवाज काढून राहिली. तिच्यात कोणी न्हाई.”

बाबा गेल्या दिवाळीनंतर गेले, आजारी न पडता, दुपारच्या झोपेत. सगळं मी पाहिलं. अशा वेळी करायच्या कामांची यादी असते आणि ती मोठी असते. बाबांसाठीच्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेला तांडा सगळा आला होता. हरसिंग चालत आला. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

आणि यंदाच्या हळदीला मी ओसरीवर बसले, कामं उरकून, आणि आवाज आला नाही. आई म्हणाली, “येतच न्हाई तो. शेतातल्या वाटेनं वळसा घालून जातो डेअरीवर. दूध डुचमळत असंल सगळं.” मग चुलीतली थंड राख सारखी करत म्हणाली, “त्याला इचारून ये, रस्ता काहून सोडला.”

मी तांड्यावर गेले. हरसिंग कुकरपाशी होता, वाफेत. गाडी खळ्याच्या टोकाला, सीटवर घोंगडं. मी विचारलं तेव्हा त्यानं आधी मला बसायला पोतं दिलं, पाणी दिलं. मग म्हणाला, “ताई, मले भेव वाटते. पुलावर आवाज झाला की माय चहा ठेवतीन. मंग तो पिईल कोण?”

मी पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला आणि उठले. घरी येऊन मी आईला जसंच्या तसं सांगितलं. वाटलं ती रडेल. ती म्हणाली, “कोण पिईल ते माझं मी पाहीन. त्यानं त्याच्या रस्त्यानं यावं. रोज कोणी घरी येऊन राहिलं आन् ह्यानं त्यांना वाटेतच अडवून धरलं.”

हा निरोप मी दुसऱ्या दिवशी पोचवला. हरसिंगनं डोक्यावरचं पागोटं काढून पुन्हा बांधलं आणि नुसती मान हलवली.

त्या संध्याकाळी मी ओसरीवर होते, बाबांच्या बाजेवर. ढोल बंद झाले होते, धूळ बसली होती, रस्ता पिवळा दिसत होता. आई सहसा या वेळी चहा घेत नाही. तिनं तरीही कप धुऊन ठेवला होता, बाबांचा, कडेला टवका उडालेला. मी स्वतःला सांगत होते की एक माणूस दूध घेऊन डेअरीवर चालला आहे, बाकी काही नाही. मी त्यांचीच मुलगी आहे.

पुलावर डुग-डुग आली. आत काडी ओढली गेली. वळण आलं, आवाज हळू झाला, आणि माझा डावा पाय जमिनीवर दाबला गेला. मी तो दाबला नव्हता. तळव्याखाली काहीतरी खाली जात होतं, बुटाच्या चामड्यासारखं, आणि मी त्याच्यासोबत जात होते.

हरसिंग थांबला नाही. मान खाली घालून तो पुढे गेला, डेअरीकडे, रोजच्यासारखा. आई चहा घेऊन बाहेर आली. आवाज पार विरेपर्यंत ती उभी राहिली. मग बाजेवर माझ्याशेजारी बसली, कप स्वतःच्या ओठाला लावला, आणि म्हणाली, “आले.”